सातव्या गटातलं घर

आमच्या गावात घर बघून कुणाची ऐपत ठरवू नये. निम्म्या घरांतल्या बायका हाँगकाँगला नाहीतर तैवानला परक्यांची म्हातारी माणसं सांभाळतात आणि इथे त्यांच्या पैशावर घरं उभी राहतात. पुढे दोन जाडजूड खांब, आत गुळगुळीत फरशी, आणि त्या फरशीवर एकटा नवरा स्वतःच चहा करून पीत बसलेला. बडा घर पोकळ वासा, दुसरं काय.

लास्मोनोचं घर त्यातलंच. खांब हिरवे, दाराला रंगीत काचा. धंदा मात्र गाद्या भरण्याचा. सायकलला पोती बांधून गावोगाव फिरायचं, जुन्या गादीतला सावरीचा कापूस काढून पिंजायचा, ऊन दाखवायचं आणि पुन्हा भरून शिवून द्यायचं. फोमच्या गाद्या आल्या तसा हा धंदा बसत गेला. जुनी म्हातारी माणसं तेवढी त्याला हाक मारतात. सकाळी तो माझ्या गाड्यावर खायला येतो तेव्हा भुवयांत कापूस अडकलेला असतो. मी चौकात पेचेल विकते: भात, उकडलेल्या भाज्या, वर शेंगदाण्याची चटणी. माझी चटणी तिखट असते आणि जीभही, असं गाव म्हणतं. म्हणू दे.

त्याची बायको यात्मी हाँगकाँगला गेली तेव्हा त्यांची मुलगी वेनिंग शाळेतही जात नव्हती. पहिली काही वर्षं पैसे आले, घर उभं राहिलं. पुढे पैसे आटले आणि एक दिवस थांबलेच. लास्मोनो कुणाला काही बोलला नाही. उलट ताट हातात घेता घेता मला सांगायचा, "काल यात्मीचा फोन होता. पडदे बदला म्हणते." आणि खरोखर पडदे बदलायचा, स्वतःच्या पोटाला चिमटा काढून. ईदला गल्लीतल्या प्रत्येक घरी परदेशी बिस्किटांचा डबा द्यायचा, यात्मीने पाठवला म्हणून. तसले डबे जवळच्या ब्लिटार शहरात, बाजारात रचून ठेवलेले असतात. मी बिस्किटं खाल्ली आणि म्हटलं, "यात्मीला सांगा, छान होती."

कारण मला ठाऊक होतं. यात्मीबरोबर गेलेली शेजारगावची एक बाई परत आली होती आणि माझ्याच गाड्यावर बसून तिने सगळं सांगितलं. यात्मीने तिकडे दुसरं लग्न केलंय, तिला एक मुलगाही आहे. मी त्या बाईला जास्तीचा तेंपे, सोयाबीनची तळलेली वडी, वाढला आणि म्हटलं, बाई गं, हे पुढे बोलू नकोस. आता चौकात सांगितलेली गोष्ट झाकून राहते का? पण लास्मोनोच्या तोंडावर कुणी काही बोललं नाही. ज्या खोट्याने कुणाचं वाकडं होत नाही, ते दारातल्या मांजरासारखं असू द्यावं.

वेनिंगला किती ठाऊक होतं, देव जाणे. एका वयानंतर तिने आईबद्दल विचारणं सोडलं. एवढंच म्हणायची, "बाबा म्हणालेत, अजून दोन वर्षांनी आई कायमची येणार."

ही पोर प्रवेशपरीक्षा पास झाली. दूर मलांग शहरातल्या सरकारी विद्यापीठात, फार्मसीला. आमच्या गल्लीतून तिथे पहिल्यांदाच कुणी जाणार होतं. लास्मोनोने त्या दिवशी दोनदा पेचेल खाल्लं आणि दोन्ही वेळा पैसे द्यायला विसरला.

मग फीचं पत्रक आलं. सरकारी विद्यापीठात फी सगळ्यांना सारखी नसते. घरच्या परिस्थितीप्रमाणे गट पाडतात. पहिल्या गटाची फी नावापुरती, बाकीचं सरकार भरतं. वरच्या गटांना जवळजवळ पूर्ण भरावी लागते. गट ठरवायला घराचे फोटो मागतात: समोरून, बैठकीची खोली, स्वयंपाकघर, अगदी न्हाणीघरसुद्धा. वेनिंगने प्रामाणिकपणे सगळे फोटो पाठवले. लास्मोनोने आदल्या दिवशी फरशी पुसून लखलखीत केली होती, बाहेरची माणसं घर बघणार म्हणून. आई काय करते, तर हाँगकाँगला नोकरी. पोरगी थेट सातव्या गटात जाऊन पडली. एका सहामाहीची फी एवढी, की लास्मोनोने वर्षभर गाद्या भरल्या असत्या आणि वर सायकलही विकली असती तरी जमली नसती.

माझ्या गाड्यावर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. आमचे वस्तीप्रमुख कुस्नान म्हणाले, "मुळात सरकारने फी भरावीच का? ज्याचं पोर, त्याने शिकवावं. पोर शिकून मोठं होणार, पगार खाणार, आणि खर्च आमच्या करातून?"

"तुम्ही कर भरता? कधीपासून?" मी विचारलं.

सगळे हसले. कुस्नानही हसले, पण ऐकतात कसले. "हसा. पण मला सांगा ताई, कारखानदाराच्या पोरीची फीसुद्धा सरकारने भरायची का?"

"भरू दे की. रस्ता बांधताना विचारता का, तू श्रीमंत का गरीब? द्यायचं तर सगळ्यांना द्यावं, नाहीतर नाही म्हणून सांगावं. ही कुठली रीत, माणसाच्या न्हाणीघरात डोकावून त्याची लायकी ठरवायची? आणि तुमच्या चिरंजीवांनी आजोळच्या पडक्या चुलीचे फोटो पाठवले म्हणे. दुसऱ्या गटात ना तो?"

कुस्नानना एकाएकी काम आठवलं.

लास्मोनो कोपऱ्यात बसून खात होता. सगळे गेल्यावर म्हणाला, "ताई, अर्ज करता येतो म्हणे. गट बदलून मिळतो. ते लोक घरी येऊन बघतात."

"मग करा की."

"येऊन घरच बघणार ना."

"घर बघतील आणि विचारतीलही. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, असं नाही चालत."

त्याने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता बोलेल. पण म्हणाला, "यात्मीला विचारतो फोन आला की."

मला इतका राग आला की त्याचं ताट मी जरा आपटूनच उचललं.

अर्ज गेला. विद्यापीठातून एक बाई आल्या, सोबत फोटो काढायला एक सहायक. वस्तीप्रमुख म्हणून कुस्नान हजर. मी आणि वेनिंग स्वयंपाकघरात केळी तळत होतो, मध्ये फक्त पडदा. तोच तो यात्मीने सांगून बदललेला.

कुस्नाननी नेहमीच्या झोकात सुरुवात केली. घर किती मजबूत, फरशी कुठली. त्यांचा हेतू वाईट नव्हता, पाहुण्यांसमोर गावाची शोभा राखत होते. बाईंनी लास्मोनोला शांतपणे विचारलं, "तुमच्या पत्नी दरमहा किती पाठवतात?"

मी वेनिंगकडे बघितलं नाही. तो काय बोलणार, हे मला माहीत नव्हतं. त्याने आकडा सांगितला तर पोरीचं शिक्षण गेलं. खरं सांगितलं तर तिची आई गेली, आणि पोर पडद्याच्या अलीकडे उभी.

"काही नाही," लास्मोनो म्हणाला. "बऱ्याच वर्षांत काही नाही. तिने तिकडे दुसरा संसार मांडलाय. आमचा तलाक झालेला आहे." मग, जणू कुणी विचारलंच, "ती परत येणार नाही."

बाईंनी कुस्नानकडे बघितलं. कुस्नाननी मान खाली घातली. "लिहा. खरं आहे ते. गावात सगळ्यांना ठाऊक आहे."

मी पडदा जरा सारला होता. लास्मोनोचा चेहरा मला दिसला. कितीतरी वर्षं आपला सदरा पाठीवर फाटलेला होता आणि आपण तसेच गावभर हिंडत होतो, हे कळल्यावर माणूस बघेल, तसा तो बघत होता. मला त्याच्याजवळ जावंसं वाटलं. पण मी केळी उलटली. ती करपली होती.

वेनिंगने रडारड केली नाही. केळी ताटलीत काढली, बाहेर नेली, बाईंना "घ्या ना" म्हणाली आणि बापाशेजारी जमिनीवर बसली.

गट बदलला. सातव्याचा दुसरा झाला. तेवढी फी लास्मोनो भरू शकत होता, बाकी सरकारने घेतली अंगावर. मला वाटलं, सुटलो. तर पोरगी म्हणते, मी जात नाही.

"आई येणार होती म्हणून मी जायला तयार होते, काकू," ती मला म्हणाली. "आता बाबा त्या घरात एकटे काय करतील? ब्लिटारला औषधाच्या दुकानात नोकरी मिळेल मला. रोज घरी येईन."

मी समजावलं, रागावले. तिच्या बापाने विनवण्या केल्या. ती बापासारखीच, आवाज न चढवता हट्ट करणारी. नाव नोंदवायचे मोजकेच दिवस उरले होते.

एका सकाळी मी चूल पेटवत होते आणि लास्मोनो येऊन उभा राहिला. गिऱ्हाईक कुणी नव्हतं.

"ताई, एक मागायचं होतं."

"मागा. चटणी सोडून काही नाही माझ्याकडे."

"वेनिंगला सांगावं म्हणतो, मी लग्न करतोय म्हणून. म्हणजे ती जाईल."

"कुणाशी करताय?"

तो सायकलच्या घंटीशी चाळा करत राहिला. "तुमचं नाव सांगितलं तर पटेल तिला. दुसरं आसपास कुणी नाही."

"हो का? गावात दुसरी विधवा मिळाली नाही म्हणून माझा नंबर लागला तर."

"तसं नाही हो. नुसतं सांगायचंय. ती एकदा गेली, रमली, की मग काहीतरी कारण काढू. तुम्हाला तोशीस नाही लागू देणार."

मला राग यायला हवा होता, आणि आलाही. पण त्याच्याखाली दुसरंही काही होतं. माझा नवरा जाऊन खूप वर्षं झालीत. मूलबाळ नाही. दिवसभर गाड्यावर बडबड करते ती एवढ्यासाठी की घरी गेल्यावर बोलायला कुणी नसतं. मी म्हटलं, "विचार करून सांगते." विचार त्याआधीच झाला होता.

संध्याकाळी नारळाच्या दुधातली भाजी घेऊन मी त्यांच्याकडे गेले. लास्मोनोने लग्नाचं वाक्य कसंबसं पूर्ण केलं. मला "दारसी" म्हणाला. माझ्या नावाने मला कुणी हाक मारली त्याला किती काळ लोटला होता, तेव्हा माझ्या लक्षात आलं.

वेनिंग दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. "काकू, बाबा घोरतात."

"मला एका कानाने कमी ऐकू येतं."

"रोज तेच तेच बोलतात. कापूस, कापूस."

"मग दुसरा कानही बंद करीन."

त्या विद्यापीठाच्या बाई येऊन गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली. मग माझा हात धरून हळूच म्हणाली, "खरंच ना, काकू? मला पाठवण्यासाठी नाही ना म्हणत?"

"खरंच," मी म्हटलं. माझ्यापुरतं तरी ते खोटं नव्हतं.

पुढचे दिवस मी रोज तिथे जेवले. लग्न पहिल्या वर्षाच्या परीक्षेनंतर करायचं ठरलं, वेनिंगनेच ठरवलं. मोठ्या खोलीत माझं कपाट कुठे बसेल, तेही तिने हातवारे करून दाखवलं. तिला पटावं म्हणून लास्मोनोने माझी जुनी गादी नेली आणि नवा कापूस घालून आणून दिली. मी नको नको म्हटलं. कुस्नाननी गाड्यावर येऊन मला चिडवलं, आणि मी त्यांना उलट उत्तर दिलं नाही, तर ते घाबरून विचारायला लागले, तब्येत बरी आहे ना.

जायच्या दिवशी आम्ही तिघं रस्त्यावर उभे होतो. बस आली. वेनिंगने बापाचा हात कपाळाला लावला, मग माझा. "येते, आई," मला म्हणाली. "बाबांना जेवण टाळू देऊ नका. सांगितल्याशिवाय खात नाहीत ते." खिडकीत बसून ती हसत होती. तिच्या मनावरचं ओझं उतरलेलं दिसत होतं. बस वळणापलीकडे गेली तरी आम्ही दोघं हात वर करून उभे होतो.

मग लास्मोनोने हात खाली घेतला. सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले.

"झालं एकदाचं," तो म्हणाला. "तुमचे उपकार कसे फेडू, ताई?"

मी म्हटलं, "उपकार कसले. पोर मार्गी लागली, बस्स."

"तुम्हाला फार ओढलं मी यात. आता रोज यायची गरज नाही. लोक उगीच बोलतात."

तो काही चुकीचं बोलत नव्हता. ठरलं होतं तसंच सगळं झालं होतं. मी म्हटलं, "उद्या लवकर या, तेंपे गरम असतो तेव्हा."

"बघू," तो म्हणाला, आणि त्या हिरव्या खांबांच्या घराकडे चालू लागला. मी तिथेच उभी राहिले. एकदा तरी मागे वळून बघावं त्याने, असं मला फार वाटत होतं. त्याने बघितलं नाही.