व्हेनिसच्या वहीत आमची नावं

चहा जरा निवू द्या. मी सांगणार आहे ते ऐकताना घोट घशात अडकायची भीती आहे. माणसाने मूर्खपणा करावा, माझी ना नाही, पण निदान आपल्या गावात तरी करावा! मी तो करायला बोटीत बसून इटलीतल्या व्हेनिस शहरात गेलो. वर साक्षीला बायको आणि थोरली बहीण, आमची आक्का, नेली.

हेतू तसा वाईट नव्हता. तिथल्या एका गिरणीवाल्या साहेबाशी माझा दोन वर्षं पत्रव्यवहार चालला होता. शाळा मी चौथीतच सोडलेली. मांडीवर शब्दकोश घेऊन एकेक पत्र दोन-दोन दिवस घासत बसायचो. मुंबईचे दलाल वगळून आमचा वऱ्हाडी कापूस थेट त्याच्या गिरणीला घालायचा, हा बेत. साहेबाने लिहिलं, 'एकदा या, तुमचं घराणं पाहू, मग करारावर सही करू.' घराणं पाहू म्हणाला, म्हणून मी घराणंच उचलून नेलं! पत्रात तेवढी एक थाप होती. एक जिन, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना, आमचं आणि दुसऱ्यात अर्धी भागी, असे आमचे दीड जिन. कागदावर मी त्यांचे तीन केले होते. कागदाला काय जड होतं?

आता आमची अडचण ऐका. आम्ही जैन. सूर्य मावळला की अन्न बंद, आणि कांदा-लसूण-बटाटा दिवसासुद्धा नाही. वाशीमला यात काहीच अवघड नाही. पण आम्ही गेलो ऐन थंडीत, आणि तिथला सूर्य काय विचारता! दुपारी चार-साडेचारला दुकान आवरून चालता व्हायचा! अंडं नको, मासा नको, कांदा नको, हे हॉटेलातल्या आचाऱ्याला हातवारे करून समजावेपर्यंत बाहेर अंधार. मग ताट यायचं आणि आक्का ताटाकडे पाठ करून बसायची. दोन दिवस नुसतं दूध, फळं आणि घरचे फुटाणे.

शहर मात्र देखणं, हे कबूल केलं पाहिजे. रस्त्याच्या जागी पाणी, आणि दाराशी छकड्याऐवजी नाव. आक्काला काही ते पटेना.

"बापू, गावात इतकं पानी शिरलं, आन् कोनी उपसून नाही राह्यलं?"

"आक्का, ते तसंच असते. दुरून दुरून लोक पाहाले येतात."

"आपल्या नदीले पूर येते तवा कोन येते पाहाले?"

मोठ्या चौकात गेलो तर हजारो कबुतरं. आक्काचा जीव विरघळला. घरून आणलेल्या फुटाण्यांची शेवटची पिशवी तिने तिथेच उधळली.

"अवो, ते आपलं उद्याचं जेवन होय!" आमच्या घरातून ओरडणं झालं.

"अवं, पुण्य लागते," मी म्हटलं.

"मंग तुमीबी कबुतर व्हा. तुमाले तरी भेटन चार दाने!"

तिसऱ्या दिवशी दुपारी एका पुलाच्या पायरीवर आक्का मटकन खालीच बसली. चेहरा पांढराफटक. उन्हं उतरायला लागलेली. उद्या सकाळी साहेबाची भेट, आणि इथे माझी बहीण परमुलखात भुकेने पडते की काय!

"बापू, गावात सांगजो, आक्कानं सल्लेखना घेतली. उपाशी मेली, असं नोको सांगू."

मी वेड्यासारखा चहूकडे बघत होतो, आणि पुलापलीकडे काय दिसावं? चर्चला लागून एक पडवी. लांबच लांब बाकं. पांढऱ्या कपड्यांतल्या संन्यासिनी, थेट आपल्या आर्यिका माताजींसारख्या, ओळीने बसलेल्या लोकांना गरम गरम वाढताहेत. आणि छपरावर अजून ऊन!

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. शिरपूरच्या देवळात आपण जातो, तिथे कोणी विचारतं का तू कोण? लखपती असो की हमाल असो, पंगत एकच. म्हटलं, हे इथलं अन्नछत्र! आणि भली माणसं बघा, दिवसाउजेडी जेवतात!

पंगतीतल्या लोकांचे कोट जरा विरलेले होते, हे मी पाहिलं. नाही असं नाही. पण यात्रेकरूंच्या कपड्यांची दशा होतेच की!

आम्ही तिघं ओळीत बसलो. ताटलीत पिवळाधमक मऊ गोळा पडला, वर दूध. आक्काने हुंगलं, बोटाने चाटलं, आणि तिच्या चेहऱ्यावर बोटीत बसल्यापासून पहिल्यांदा हसू आलं.

"अरे, हा तं मक्याचा घाटा होय!"

तीनदा वाढून घेतला तिने. बायकोने दोनदा. मी किती घेतला ते विचारू नका.

जेवण झालं आणि एका संन्यासिनीने वही पुढे केली. आपल्या धर्मशाळेत असते, अगदी तशीच! रकाने त्यांच्या भाषेत होते, पण दहा धर्मशाळांच्या वह्या भरलेल्या माणसाला रकाने वाचावे लागतात का? नाव, गाव, धंदा, आणि शेवटी कोणाच्या ओळखीने आलात. तिघांची नावं इंग्रजीत लिहिली, वाशीम लिहिलं, कापसाचे व्यापारी लिहिलं. शेवटच्या रकान्यात ठसठशीत अक्षरांत साहेबाचं नाव आणि गिरणीचा पत्ता. ओळख मोठी दाखवली की मान वाढतो, हा माझा जन्माचा अनुभव.

संन्यासिनीने पत्ता वाचला, माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"पाह्यलं?" मी बायकोला हळूच म्हटलं. "साहेबाचं केवढं नाव आहे इथं!"

दान टाकावं म्हणून खिशात हात घातला, तर तिने माझी मूठ बंद केली आणि वरून थोपटली.

"पैसेबी घेत नाहीत," आक्का म्हणाली. "देवमानसं होत रे, बापू!"

दुसऱ्या दिवशी पगडी नीट बांधून मी साहेबाच्या कचेरीत गेलो. साहेबाच्या टेबलावर करार नव्हता. एक चिठ्ठी होती आणि दोरीने बांधलेली तीन गाठोडी.

"काल तुम्ही चर्चपाशी जेवलात?"

"हो! फार उत्तम व्यवस्था," मी तोंडभरून सांगितलं.

"तिथे कोण जेवतं, ठाऊक आहे?"

"यात्रेकरू."

"ज्यांना घर नाही आणि काम नाही, ते. तिथल्या संन्यासिनींनी मला कळवलंय, 'तुमच्या ओळखीचं एक हिंदी कुटुंब आमच्या दारी आलंय, फार हालात आहे.'"

पायाखालची जमीन सरकली म्हणावं, तर त्या गावात मुळात जमीनच कमी!

"तुमच्या हॉटेलात वीस पदार्थ होतात," साहेब म्हणाला. "मग तिथे काहून गेलात?" म्हणजे त्याच्या इंग्रजीत, पण मला ऐकू आलं असंच.

खरं उत्तर एकच होतं. ते मी दिलं.

"सूर्य मावळत होता, म्हणून."

साहेबाने खिडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दोन वर्षं माझी थाप त्याने मुकाट गिळली होती, आणि मी सोळा आणे खरं बोललो तर ते त्याच्या गळी उतरेना! मी शिरपूर सांगितलं, पंगत सांगितली, आक्काचा नेम सांगितला. तो सभ्यपणे ऐकत राहिला. वेड्याचं ऐकतात तसं.

"पत्रात तीन जिन म्हणाला होतात," तो हळूच म्हणाला.

आता मी ठरवूनच टाकलं होतं, आज खोटं बोलायचं नाही. "दीड," मी म्हटलं.

झालं! साहेबाने उठून माझा हात हातात घेतला, 'पुढे कधीतरी बघू' म्हणाला आणि ती तीन गाठोडी माझ्या पुढ्यात सरकवली. संन्यासिनींनी आमच्यासाठी गिरणीच्या पत्त्यावर पाठवली होती, आत गरिबांना वाटायचे लोकरी कोट. प्रत्येकावर आमची नावं, वहीतल्या माझ्याच अक्षरांबरहुकूम.

परतीच्या बोटीवर मी, खोटं कशाला बोलू, कठड्याला टेकून रडलोसुद्धा.

वाशीमच्या स्टेशनावर उतरलो, तर भर उन्हात बाजारातले निम्मे व्यापारी हार घेऊन उभे.

"मंग शेठ, किती कापूस घेऊन राह्यला इटलीवाला?"

मी गाठोड्यातला जाडजूड कोट अंगात चढवला होता. घामाच्या धारा लागल्या होत्या. मी वरची गुंडी लावली आणि म्हटलं,

"त्याले कापसाची गरजच नाही, गड्या. त्याच्याकडं लोकरच इतकी आहे, की आल्यागेल्याले फुकट वाटते!"