पंख्याच्या पोटातलं रबर आणि वैनगंगेचा पलीकडचा काठ

मागच्या हिवाळ्यात मार्कंड्याला जाताना आम्ही वैनगंगा बोटीने ओलांडली होती. ते बोटवाले सदाभाऊ दिवाळीनंतर अचानक फोनवर आले. "ताई, मोटर जोरात गुरगुरते, पण बोट जागची हालत नाई. नागपूरले पार्ट भेटते का पाहा ना जरा."

मला स्कूटरचा प्लगही बदलता येत नाही. पण दुकानात मिस्त्रीने छान समजावलं. मोटरच्या पाण्यात फिरणाऱ्या पंख्याच्या मधोमध रबराचा जाड गाभा असतो, हब. इंजिन हबला फिरवतं, हब पात्यांना. पातं खडकावर आपटलं की रबर मार खातं आणि गिअर वाचतात. हेच रबर झिजलं की इंजिन नुसतं आतल्या आत फिरतं. "पंखा आणला असता तर हब प्रेस मशीनने दाबून बसवून दिला असता," तो म्हणाला. पंखा घाटावर आणि मी नागपुरात. हब पर्समध्ये टाकला आणि शनिवारी निघाले.

वरोऱ्यावरूनही जाता येतं, पण तिथे माझी आई राहते आणि ती जेवल्याशिवाय सोडत नाही. म्हणून उमरेड-नागभीडचा रस्ता धरला. नागभीडला तर्रीपोहे आणि चहा पन्नास रुपयांत झाला. पुढे सिंदेवाहीपर्यंत दोन्ही बाजूंना धानाची कापणी चाललेली, मधे जंगल. रस्ता बरा आहे, पण गाई-म्हशी आपल्याच बापाचा असल्यासारख्या बसतात. मूलला राइस मिलच्या कोंड्याचा वास आला की ओळखायचं, घाट आता तासाभरावर.

घाटावर सदाभाऊंच्या बायको लीलाबाई पिशवी भरून बसल्या होत्या. नवे तांदूळ, जवसाची चटणी, दोन जुनी मऊ लुगडी. पलीकडच्या गावात त्यांची मुलगी सुषमा दिलेली. बांधावरून घसरून तिचा पाय मोडला होता. घरात लहान लेकरू आणि ऐन कापणी. पंधरा दिवस झाले, आई जाऊ शकली नव्हती.

"बसने का नाही गेलात?" मी विचारलं. गडचिरोलीच्या पुलावरून वळसा घालून दोन बस बदलल्या की पोचता येतं.

"मले यष्टी लागते बाई," त्या लाजत म्हणाल्या. "एकडाव गेली, तं पुलापर्यंत ओकूनच राह्यली. मंग तशीच वापस आली."

जन्म नदीवर गेलेल्या बाईला बस लागते, यावर मी हसले. सदाभाऊ हसले नाहीत. मोटर घेताना त्यांनी डोंगा विकला होता, आणि या मोठ्या बोटीला धारेत नुसत्या बांबूने पार नेणं शक्य नव्हतं. "पोरगी नदीपार दिली, कारण आपली बोट होती," ते म्हणाले.

प्रेस नव्हतं, पण धानाच्या पोत्यांनी भरलेली ट्रॉली होती. मूलला निघालेल्या शेजाऱ्याला सदाभाऊंनी थांबवलं. ट्रॉलीच्या दांडीखाली पंखा, त्याखाली ट्रकचा जॅक. जॅक वर चढत गेला तसा वर धानाचा भार आणि मधे जुना हब. एक लोखंडी नळीचा तुकडा लावल्यावर तो कुरकुरत बाहेर आला. नवा आत सरकवण्याआधी लीलाबाई वाटी घेऊन आल्या. नवा फाळ असो की नवी सायकल, त्यांच्या घरी कुठलीही नवी वस्तू तेल-हळद लावल्याशिवाय वापरत नाहीत. हबाला त्यांनी लेकराला माखतात तसं माखलं. मी कौतुकाने फोटो काढला. हब लोण्यात सुरी जावी तसा आत गेला आणि सगळे खूश झाले.

रविवारी सकाळी सगळे बोटीत बसलो. (बोटीत बसायचं असेल तर लाइफ जॅकेट मागून घ्या, लाजू नका.) घाट सुटला, मधली धार लागली आणि मोटर एकदम किंचाळली. बोट आडवी झाली. पलीकडचा काठ दिसत होता, तिथे कोणीतरी बसलं होतं. सदाभाऊंनी बांबूने रेटत कशीबशी बोट आपल्याच काठाला आणली, चांगली फर्लांगभर खाली. लीलाबाईंनी पिशवी छातीशी धरलेली.

मी मिस्त्रीला फोन लावला. त्याने एकच विचारलं, "बसवताना काय लावलं? साबणाचं पाणी ना?"

मी कालचा फोटो पाठवला. तिकडून लांब उसासा आला. साबणाचं पाणी वाळून जातं, तेल तसंच राहतं, रबर पकड घेत नाही.

"मागच्या साली रबर बदललं तवा बी मीच लावलं होतं," लीलाबाई हळूच म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्या माह्याच हातानं पोरीची वाट बंद केली."

"तुह्या हातानं आजवर बोट बुडली नाई, ते नाई सांगत?" सदाभाऊ म्हणाले आणि जॅक उचलून चालू लागले. मला तो माणूस त्या क्षणी फार आवडला. चूक माझीही होती, फोटो मीच काढला होता.

शेजाऱ्याने त्या दिवशीची मूलची फेरीही दुपारवर ढकलली. हब काढून लीलाबाईंनीच भांड्याच्या साबणाने तीनदा घासला, उन्हात वाळवला. या वेळी तो आत जायला रडला, आणि तेच बरं होतं. तेल-हळद बोटीच्या नाकाला लागली. हब बसेपर्यंत लीलाबाईंनी दोन्ही हात मागे बांधून ठेवले होते.

दुपारी तीनला निघालो. धारेत मोटरचा आवाज बदलला नाही. पलीकडे घरच्यांनी बाज आणून ठेवली होती आणि तिच्यावर प्लास्टरचा पाय पसरून सुषमा सकाळपासून बसली होती. तिने बोट मधून परत जाताना पाहिली होती.

"काऊन वं माय, अर्ध्यातून पलटली?"

"तेल जास्त झालं," लीलाबाई म्हणाल्या, आणि मग दोघी इतक्या हसल्या की रडू लागल्या. मीही रडले, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

आता नागपूरला घरी बसून हे लिहितेय. जुना हब माझ्या टेबलावर आहे. त्याच्या भेगांमधली हळद घासूनही निघत नाही. लीलाबाई अजून पलीकडेच आहेत, सदाभाऊ स्वतः रांधून खातात आणि फोनवर तक्रार करतात.

येताना मी मूलवरून चंद्रपूर आणि मग वरोरा असा रस्ता धरला. आईकडे जायला मला ना नदी आडवी येते, ना बस लागते, तरी दोन महिने गेले नव्हते. आईने जेवू घातलं, सगळी गोष्ट ऐकली, डबा भरून दिला. गाडीपाशी येऊन म्हणाली, "पुढच्या वेळी कोणाची बोट बिघडायची वाट नको पाहू."