पाळण्याला जवसाचं तेल

मी सुतारकाम करते. वडिलांनी शिकवलं, आणि लग्न होऊन कुरखेड्याला आल्यावर घराच्या मागच्या पडवीत मी माझी हत्यारं मांडली. बाईच्या हातचं म्हणून आधी लोकांनी नाकं मुरडली. आता तीच माणसं दिवाणाचं माप घेऊन येतात. गावातल्या अर्ध्या खाटा माझ्या हातच्या, आणि माझ्या लेकराचा पाळणा तेवढा बाजारातून आणायचा, हे मला पटणं शक्यच नव्हतं.

लाकूड माहेरून आलं. शिवणीच्या झाडाच्या हलक्या, वाळून कोरड्या झालेल्या फळ्या. प्रश्न शेवटच्या हाताचा होता. लाकूड दिसलं पाहिजे, म्हणजे वरून बिनरंगाचं काहीतरी हवं. पण दात यायला लागले की लेकरू सगळ्यात आधी पाळण्याची कड तोंडात घालणार.

हार्डवेअरच्या दुकानातल्या भाऊंनी चकचकीत पॉलिशचा डबा पुढे केला. फवारा मारायचा, दुसऱ्या दिवशी वाळते, काचेसारखी दिसते, वाळल्यावर तिचा काही त्रास नाही, असं त्यांचं म्हणणं. असेलही तसं. मी डबा फिरवून मागची बारीक अक्षरं वाचली: लहान मुलांपासून दूर ठेवा. मी म्हटलं, भाऊ, लहान मुलांपासून दूर ठेवायचं ते मी पाळण्याला लावू होय? ते हसले आणि त्यांनी लाखेची पॉलिश काढली. तिला मी चांगली ओळखते. दिसायला देखणी, पण ओल लागली की पांढरे डाग धरते, आणि पाळणा तर रोजच ओला व्हायचा. घरात टोळीचं तेल होतं, मोहाच्या बियांचं, तेही मी एका तुकड्यावर लावून पाहिलं. ते वाळेचना. तुकडा चिकट राहिला आणि त्याला मुंग्या लागल्या.

राहिलं जवस. आमच्या ताटात जवसाची चटणी असतेच, तेलही घाण्यावरून येतं. ते लाकडात मुरतं, हळूहळू घट्ट होतं, आणि जिभेला लागलं तरी खाण्याचंच. अडचण एकच होती, पण मोठी. जवसाला वेळ लागतो. पातळ हात द्यायचा, पुसून काढायचा, वाळू द्यायचा, मग पुढचा हात. वास जायला आणखी कितीतरी आठवडे. म्हणजे बारशाला पाळणा हवा तर तो बाळंतपणाच्या खूप आधी तयार व्हायला हवा, आणि आमच्याकडे लेकराच्या आधी घरात पाळणा करत नाहीत. चकचकीत पॉलिशची हीच सोय होती. लेकरू हाती आल्यावर फळ्या जोडा आणि फवारा मारा, कोणाचं काही म्हणणं नाही.

लवकर घट्ट व्हावं म्हणून उन्हात परातीत ठेवलेलं तेल सासूबाईंनी पाहिलं आणि माझा बेत त्यांना कळला. त्या भांडल्या नाहीत. पडवीच्या पायरीवर बसून एवढंच म्हणाल्या, "लेकरू येयाच्या आंधी पाळणा नको करू, बाई. मले भेव वाटते."

भीती मलाही वाटत होती. आदल्या वर्षी पाचव्या महिन्यात माझं गेलं होतं. पण भीतीपेक्षा राग जास्त होता. त्या वेळी सगळ्यांचं सगळं ऐकलं होतं मी.

"मागच्या खेपेले मी काहीच केलं नव्हतं, आई," मी म्हटलं. "टोपडंही नव्हतं शिवलं. तरी गेलंच ना?"

त्या उठून आत गेल्या. पाळणा उभा राहिला तरी पडवीकडे फिरकल्या नाहीत.

तेलाची फडकी गोळा करून ठेवली तर आपोआप तापून पेट घेतात, म्हणून ती पसरूनच वाळवायची, हा वडिलांचा दंडक. मी ती कुंपणावर पसरायची. त्यावरून गल्लीला बातमी लागली. शेजारच्या काकू म्हणाल्या, हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण. त्यांचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. मी पडवीचं दार लावून घेतलं नाही. उलट पाळणा मागच्या गल्लीतून दिसेल असा पुढे ओढला आणि एवढं मोठं पोट घेऊन त्याच्यासमोर बसून चोळत राहिले. कधी कधी त्या रिकाम्या पाळण्याकडे बघून हात थांबायचा. मग स्वतःलाच दटावायची, गेलं तर ते पाळण्यामुळे नाही जाणार. आणि फडकं पुन्हा तेलात बुडवायची.

मुलगी झाली. बारशाला बायकांनी कडेवरून बोट फिरवून विचारलं, पॉलिश करायची राहिली का? मी म्हटलं, राहिली नाही, केलीच नाही. सासूबाईंनी नातीला पाळण्यात ठेवलं, दोरी हातात घेतली.

पोरीला दात यायला लागले तेव्हा तिने करायचं तेच केलं. कड दोन्ही हातांनी धरून चावत बसायची. लाळेने लाकूड गडद व्हायचं, वाळलं की पुन्हा पहिल्यासारखं. एका दुपारी शेजारच्या काकू बसायला आल्या होत्या. पोरगी लाकूड चावते आहे हे बघून त्या तिला मागे ओढायला वाकल्या. मी पडवीत रंधा मारत होते. मी उठायच्या आत सासूबाईंनी त्यांचा हात धरला.

"खाऊ दे तिले," त्या म्हणाल्या. "जवस आहे ते. तिच्या मायनं तिच्यासाठीच लावलं."