जलतरंगाचा कान

आमच्या नाट्यमंडळाला जलतरंगाची खोड कुठून लागली, कोण जाणे. इतरांची संगीत नाटकं ऑर्गन, तबला आणि फार तर सारंगीवर सुखाने पार पडत. आमच्याकडे मात्र नायिका बागेत आली की जलतरंग वाजलाच पाहिजे. तो वाजवायचे माझे बाबा. एरवी ते मिलच्या विणाईखात्यात माग चालवत. गणपतीत पांढरा झब्बा घालून चिनी मातीच्या वाडग्यांच्या अर्धवर्तुळात बसत. बड्या गणपतीजवळच्या आमच्या गल्लीत त्यांना मिलवाले कुणी म्हणत नसे, जलतरंगवाले म्हणत.

वाडग्यात पाणी घातलं की सूर उतरतो, काढलं की चढतो. पडदा उघडण्याआधी ऑर्गनवाले सूर धरून ठेवत आणि आई देवपूजेतली पळी घेऊन एकेका वाडग्याशी बसे. थेंबभर घाल, थेंबभर काढ. लोकांना वाटे, बाई नवऱ्याला पाणी भरून देते आहे. "वहिनी फार सेवाभावी हो," असं म्हणायचे. माझ्या डोक्यात तिडीक जायची, पण आईने बोलायला बंदी घातली होती.

कारण बाबांना वरचे सूर ऐकूच येत नव्हते. मागांच्या खडखडाटात सगळ्या खात्याचेच कान गेले होते. तिथे माणसं एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलत. एकदा घरी तालमीला शेवटचा छोटा वाडगा चिरला होता, बद्द वाजत होता, आणि बाबा मजेत वाजवतच होते. आईने काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून पळी तिच्या हातात आली. बाबा हाताच्या सवयीवर आणि ऑर्गनवाल्यांच्या बोटांवर नजर ठेवून वाजवत, आणि टाळ्या पडत. टाळ्या वाजताना दिसतात, तेवढं बरं असतं.

मग मिल बंद पडली. शहराबाहेर पीथमपूरला नवे कारखाने आले, पण त्यांना तरणी पोरं हवी होती. कामगारांचे भरपाईचे दावे घ्यायला एक ऑफिस उघडलं. कामामुळे कुणाचं शरीर बिघडलं असेल तर मिलच्या जुन्या डॉक्टरांनी तपासून सांगायचं, असं ठरलं. बाबा जायला तयार नव्हते. बहिरा म्हणून एकदा नाव लागलं की जलतरंग संपला, हे त्यांना कळत होतं. आईने मात्र हट्ट धरला. "पैसे मिळोत, न मिळोत. कान त्यांनी घेतले, हे त्यांनी तोंडाने म्हणावं," ती म्हणाली.

मीही सोबत गेले. हे डॉक्टर दरवर्षी आमच्या नाटकाला पाहुणे म्हणून यायचे; एकदा बाबांना शालही त्यांनीच घातली होती. समोर बसून, बाबांच्या तोंडाकडे बघत त्यांनी नाव विचारलं, खातं विचारलं. बाबांनी ओठ वाचून नीट उत्तरं दिली. प्रामाणिक माणसाला बहिरेपणाचं नाटकसुद्धा जमत नाही.

"सब तो सुन रहे हैं," डॉक्टर हसले. "और उस्ताद, बहरा आदमी जलतरंग बजाता है क्या?"

तेव्हा आईने सगळं सांगितलं. वाडगे ती लावते, वरचे सूर यांना ऐकू येत नाहीत, पाठ फिरवून विचारून बघा. बाबा मान खाली घालून बसले होते. इतक्या वर्षांची झाकली मूठ तिने चार कारकुनांसमोर उघडली, ती त्यांच्याचसाठी.

डॉक्टरांनी पाठ काही फिरवली नाही. "भाभीजी, पति के लिए औरतें कुछ भी बोल देती हैं," म्हणाले, आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

चार कारकुनांपैकी एक आमच्या मंडळातला निघाला. पुढच्या गणपतीआधी सेक्रेटरी घरी आला. सोफ्यावर टेकून म्हणाला, "काका, आता आपण आराम करा. कानाचं समजलं, बुरा वाटलं. आमच्या थोरल्या भियाने सिंगापूरहून कीबोर्ड पाठवलाय. एक बटन दाबलं की जलतरंग चालू. पाण्याची झंझटच नाही." म्हणजे मंडळाच्या लेखी बाबा बहिरे आणि मिलच्या लेखी ठणठणीत. दोघांनी आपापल्या सोयीचं तेवढं घेतलं.

नाटकाला मात्र आम्हाला दुसऱ्या रांगेत बसवलं, जुने कलाकार म्हणून. पहिल्या रांगेत, आमच्या बरोबर पुढे डॉक्टर होते. नायिका बागेत आली. मांडीवर कीबोर्ड घेऊन एक पोरगा वाजवू लागला; त्याची बोटं ऑर्गनच्या आड होती, नुसतं डोकं दिसत होतं. सूर अगदी चोख होते, उतरायला त्यात पाणीच नव्हतं. आई पदराचं टोक पिळत ऐकत होती. बाबा आधी त्या पोराकडे बघत राहिले, मग अंधारात आईकडे वळले. स्वतःचा आवाज किती मोठा लागतो, ते त्यांना कधीच कळायचं नाही.

"अगं, तो वाजवत का नाहीये?"

सगळं थिएटर वळून बघू लागलं. डॉक्टरही वळले. त्यांनी बाबांना ओळखलं, क्षणभर पाहिलं, आणि पुन्हा स्टेजकडे तोंड केलं. मला त्यांची मानगूट धरावीशी वाटली. आईने बाबांच्या हातावर हात ठेवला आणि पद संपेपर्यंत काढला नाही.

मध्यंतरात बाहेर कचोरीच्या टेबलाशी डॉक्टर भेटले. जणू काही झालंच नव्हतं. तोंडात घास होता, नजर दुसरीकडे होती. "क्या उस्ताद, आजकल बजाते नहीं?"

भरल्या तोंडाचे ओठ बाबांना वाचता आले नाहीत. ते नुसतेच हसले, नमस्कार केला.

आई पुढे झाली. टेबलाभोवतीची सगळी माणसं ऐकतील एवढ्या आवाजात म्हणाली, "ज़रा ज़ोर से बोलिए, डॉक्टर साहब. इनको सुनाई नहीं देता."