रेवाचा घोटा

मिरजेहून निघताना माझ्या कापडी पिशवीत मेतकूट होतं, कुळथाचं पीठ होतं आणि घोट्यावर चढवायचे दोन ताणाचे मोजे होते. मेतकूट भावासाठी, पीठ भावजयीसाठी. मोजे भाचीसाठी होते आणि त्यांचं गुपित होतं.

भाची म्हणजे रेवा. वय सोळा, जन्म दिल्लीतला. वडील, म्हणजे माझा धाकटा भाऊ सुहास, केंद्र सरकारच्या कचेरीत. रेवा हॉकी खेळते. रविवारी एका क्रीडा वसतिगृहासाठी तिची निवड चाचणी होती. निवड झाली तर पुढची काही वर्षं खेळ आणि शाळा एकत्र होणार होतं. नाही झाली तर सुहास काठी माळ्यावर टाकणार होता, तसं त्याने बजावलंच होतं. दीड महिन्यापूर्वी रेवाचा मला फोन आला. "आत्या, घोटा दुखतोय. बाबांना नको सांगू, यार. घरी बसवतील."

मी तीस वर्षं मुलींच्या शाळेत हॉकी शिकवली. मुरमाच्या मैदानावर इतके घोटे मुरगळलेले पाहिले की मला त्यांचं काही वाटेनासं झालंय. मी सांगितलं, बर्फ लाव, घट्ट पट्टी बांध, सूज उतरली की रोज दोरीवरच्या उड्या मार. सुहासला काही बोलले नाही.

गाडीत समोरच्या बाईंनी विचारलं, "हॉकीला मुख्य काय लागतं हो?" मी म्हटलं, गुडघे. काठी जेमतेम कमरेपर्यंत आणि चेंडू जमिनीवर, म्हणजे सगळा खेळ वाकून. हातांचं काम काठी धरायचं, भार गुडघ्यांनी उचलायचा. हे मी साधारण भुसावळपर्यंत सांगितलं. तोवर बाई वरच्या बाकावर झोपायला निघून गेल्या होत्या.

निजामुद्दीनला उतरले तर जानेवारीची सकाळ राखेच्या रंगाची होती. हवेला जळक्या रबराचा वास. सुहास गाझियाबादला राहतो. मेट्रोतून उतरून ई-रिक्षा केली आणि घराच्या फाटकाशी आल्यावर लक्षात आलं की कापडी पिशवी रिक्षातच राहिली. रिक्षा धुक्यात नाहीशी झाली होती.

"चलो, जाऊ दे ताई," फाटक उघडत सुहास म्हणाला. "मेतकूट गेलं, एवढंच ना?"

मला मोज्यांची हळहळ होती, पण ते बोलता येईना.

रेवाने दार उघडलं आणि गळ्यात पडली. मी हळूच विचारलं, "घोटा?" म्हणाली, "ठीक आहे, आत्या. तू सांगितलं तसं बिल्कुल केलं." मग स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला, "मम्मा, मी भाजी काटते." मी म्हटलं, "अगं, भाजी चिरतात." ती हसली, "हो आत्या." माझ्या प्रत्येक वाक्याला तिचं हेच उत्तर असे. पोर ऐकणारी आहे, असं मला वाटायचं. न कळलेल्या शब्दालाही ती हो म्हणते, हे लक्षातच आलं नव्हतं.

शनिवारी सुहासने आम्हाला कोपर्निकस मार्गावर आपल्या राज्याच्या जुन्या अतिथिगृहात मिसळ खायला नेलं. रस्सा तिखट कमी, गोड जास्त. परतताना रेवा कठडा धरून एकेक पायरी उतरत होती. सुहास पुढे होता. मी कानात म्हटलं, "जपतेस, शाबास."

रविवारी मी एकटीच तिच्याबरोबर गेले. मैदानावर कृत्रिम गवत, त्यावर पाणी मारलेलं, आणि धुरक्यात पलीकडचा गोल दिसत नव्हता. थंडीमुळे सगळ्या मुलींनी स्कर्टाखाली काळ्या तंग विजारी घातल्या होत्या. शेजारी हरियाणातले एक गृहस्थ मुलीला घेऊन आले होते. त्यांनी बाजरीची भाकरी आणि गूळ पुढे केला. थोड्या वेळाने म्हणाले, "बहनजी, थारी छोरी का गोड्डा ठीक कोनी (नाही). देखो, झुकती कोनी वा."

गोड्डा! त्यांच्या बोलीतला शब्द आपल्या घोट्याच्या किती जवळचा, म्हणून मला गंमत वाटली. मी वहीत लिहूनसुद्धा घेतला. "हाँ जी, मालूम है। पट्टी बाँधी है," मी म्हटलं.

ती वाकत नाही हे मलाही दिसत होतं. मी कडेवरून ओरडले, "रेवा, गुडघे वाकव!" तिने हात उंचावून हो म्हटलं आणि तशीच ताठ धावत राहिली.

मग चेंडू तिच्याकडे आला. तिने उजवा पाय रोवला आणि अंग वळवलं. पाय वळला नाही. कोणी धक्का दिला नव्हता, जवळपास कोणी नव्हतंच. ती खाली पडली आणि काठी चावायला लागली.

मी धावत गेले. तिचा बूट काढला, मोजा खाली ओढला. घोटा स्वच्छ होता, सुजेचा मागमूस नाही. "घोटा तर बरा आहे गं," मी म्हटलं.

"तिथे नाही, आत्या. घोटा," ती म्हणाली, आणि दोन्ही हातांनी गुडघा धरला.

"हा गुडघा आहे, रेवा."

"हां, घुटना. मराठीत घोटा ना?"

विजारीखाली, गुडघ्यावर, मी सांगितलेली पट्टी होती. "दोरी रोज मारली," ती म्हणाली. "खूप दुखायचं. पण तू म्हणालीस मजबूत होतो." ती तक्रार करत नव्हती, मला हिशेब देत होती. धावत आलेल्या त्या गृहस्थांनी स्वतःच्या गुडघ्यावर थाप मारली. "योही तो कहूँ था, गोड्डा." आणि त्यांनीच आम्हाला आपल्या गाडीतून दवाखान्यात पोचवलं.

गुडघ्यातला अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट, पूर्ण तुटला होता. डॉक्टर म्हणाले, आधी बहुधा अर्धाच फाटलेला असावा, दीड महिना विश्रांती मिळती तर कदाचित निभावलं असतं. आता शस्त्रक्रिया, मग वर्षभर मैदान बंद. पुढचं सांगता येत नाही. निवडीची यादी कोणासाठी वर्षभर थांबत नाही, हे मला डॉक्टरांनी सांगायची गरज नव्हती.

सुहास आला. सगळं ऐकून घेतलं. "ताई, मला एक फोन करायचा होतास," एवढंच म्हणाला. ओरडला असता तर मला सोसलं असतं.

शस्त्रक्रिया झाल्यावर चार दिवसांनी मी निघाले. सुहासने सामान डब्यात ठेवलं, पाण्याची बाटली घेऊन दिली आणि गाडी हलायच्या आत निघून गेला. माझ्या मनात ती पिशवी होती. तो घोट्याचा मोजा रेवाने एकदा हातात घेतला असता, तर 'हा इथे कसा चढेल, आत्या?' असं विचारलं असतं. पण पिशवीवर काय ढकलायचं? मैदानावर रडत आलेल्या प्रत्येक मुलीला मी आधी म्हणत असे, कुठे दुखतं, बोट ठेव. फोनवर तेवढं विचारायचं मला सुचलं नाही, कारण शब्द माझ्या ओळखीचा होता.

मथुरा गेल्यावर रेवाचा संदेश आला. "आत्या, गुडघा आज कमी दुखतोय."

मी 'शाबास' लिहिलं आणि पुसून टाकलं. मग लिहिलं, "बोट ठेवून दाखव."

थोड्या वेळाने फोटो आला. पांढऱ्या पट्टीवर तिचं बोट होतं, बरोबर जागी.