आत्याचा सातवा किल्ला

आमची ढोकीची आत्या कुठलाही व्हिडिओ गेम एकाच प्रश्नावर जोखायची: गडी पडला तर चूक कुणाची? "आपली असंल तर म्या शंभरदा पडंन. गेमची असंल तर एकदा बी न्हाय." जुन्या गेमच्या नुसत्या आठवणी काढून गहिवरणाऱ्यांपेक्षा आत्याला त्यातलं जास्त कळत होतं, हे मी कुणालाही ठणकावून सांगेन.

टीव्हीला जोडायचा तो गेमचा डबा आणला होता मुलांसाठी. दुपारी मुलं शाळेत आणि मामा, म्हणजे आत्याचे यजमान, कामावर गेले की रिमोट आत्याच्या हातात. कॅसेटवर लिहिलं होतं, नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव गेम. आत्यानं महिनाभर एकेक उघडून पाहिला. खरे निघाले अकरा. बाकी तेच, नुसते रंग बदललेले. ती एसटीनं थेट येरमाळ्याच्या दुकानात गेली. "ताई, एवढे गेम कोण मोजत बसतंय?" दुकानदार हसत म्हणाला. "म्या बसले," आत्या म्हणाली. त्यानं मुकाट्यानं कॅसेट बदलून दिली. घरात मात्र हा किस्सा आत्याच्या येडेपणाचा म्हणून सांगत. फसवणारा शहाणा आणि पकडणारी येडी, हा कुठला न्याय?

बदलून आणलेल्या कॅसेटमध्ये सात किल्ल्यांचा गेम होता. तो आत्याच्या परीक्षेत उतरला. पण सोडला तिथून पुढं सुरू करायची सोय त्यात नव्हती. डबा बंद केला की पुन्हा पहिला किल्ला. म्हणून ती गेम थांबवून स्वयंपाक करायची, अडॅप्टर तापला की टेबलफॅन त्याच्याकडं वळवायची आणि स्वतः चुलीपुढं घामानं निथळायची. एकदा मामा परगावी गेले असताना असे दोन दिवस काढून ती सातव्या किल्ल्यात पोचली. तेवढ्यात मामा घरी आले आणि बातम्या लावायच्या म्हणून त्यांनी वायर उपटली.

"अवो, शेवटचा व्हता," एवढंच ती म्हणाली आणि कणीक मळायला बसली. सगळे हसले. मुक्कामाला आलेला मीही हसलो, याची लाज वाटते. मामांचा क्रिकेटचा सामना चालू असता तर कुणाची वायरीला हात लावायची छाती झाली असती?

गेल्या उन्हाळ्यात तोच गेम मी मोबाइलवर घेऊन गेलो. आता त्यात गडी पडला की एक बटण दाबून त्याला मागं सारता येतं. "मागं जाता येतंय तर मग पडायचं कशाला?" आत्या फणकारली. "ह्यांनी गेम नासवला." आणि ते बटण न वापरता खेळायला बसली. हात कापत होते, मोतीबिंदू झालेला. तरी चार दिवसांत ती सातव्या किल्ल्यात पोचली आणि शेवटच्या पुलावरून पडली.

ती चष्मा पुसत होती. मला राहवलं नाही. मी गडी हळूच मागं सारून पुलावर उभा केला.

चष्मा लावून तिनं पडद्याकडं पाहिलं. "म्या पडले व्हते."

"अगं आत्या, एकदाच."

"चूक माझी व्हती. ती बी माझ्याकडं ठिवली न्हाईस." तिनं मोबाइल माझ्या मांडीवर ठेवला आणि उठून आत गेली.

दिवाळीच्या आधी आत्या गेली. दहाव्याला मामा पाहुण्यांना येरमाळ्याचा तोच किस्सा हसत हसत सांगत होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांना वायरीची आठवण करून द्यावी म्हणून मी उठलोही. पण वायर उपटणाऱ्यानं निदान लपवून तरी उपटली नव्हती. मी तसाच खाली बसलो.