काचपट्टीवरचा हिरवा थर

केसांना कलप लावताना अमोनियाचा वास नाकात जातो आणि मी पुन्हा साताऱ्याच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत उभी राहते. सत्तरचं दशक संपत आलं होतं, मी एम.एस्सी.ला होते. काचपट्टीवर मी अ‍ॅनिलिनपासून केलेल्या पॉलिमरचा पातळ हिरवा थर चढवला होता, दोन टोकांना तारा लावल्या होत्या, आणि मीटरचा काटा चक्क सरकत होता. आमच्याकडे रीत अशी, की पुस्तकातलं उत्तर आधी बघायचं आणि वहीत त्याला जुळेल असं रीडिंग लिहायचं. सर म्हणाले, "प्लॅस्टिकमधून कधी वीज जाते का? तारा एकमेकींना चिकटल्या असतील. शून्य लिही, मग सही करतो." मी तारांना हातही लावला नाही. अमोनियाची उघडी बाटली थराजवळ धरली. थर निळा पडला, काटा शून्यावर आला. मग हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडची बाटली धरली. पांढरा धूर उठला, थर पुन्हा हिरवा झाला. "आवं सर, काटा परत चढला की!" बाटल्या धुणारे मामा ओरडले. "आता तारा कुणी चिकटवल्या, सर?" मी विचारलं. सरांनी पेनाला टोपण लावलं आणि ते निघून गेले. सहीशिवाय परीक्षेला बसता येत नव्हतं. माझं वर्ष गेलं. फौजेतून निवृत्त झालेले वडील म्हणाले, "येक शून्य लिवलं असतंस तर काय बिघडलं असतं गं?" ती वही अजून माझ्या कपाटात आहे. त्या पानावर सही नाही, आणि शून्यही नाही.